मग दार उघडलं कुणी?

लालबाग,
२६ नोव्हेंबर २०२४

लेखिका वैशाली बनसोडे यांस,
स. न. वि. वि.

माझं नाव शेवंती घाडी. वय सहासष्ट. पूर्वी बालवाडीत शिकवत होते, आता घरीच असते. तुमचा पत्ता नाही म्हणून हे पत्र दिवाळी अंकाच्या संपादकांकडे पाठवते आहे. त्यांनी तुमच्यापर्यंत पोचवलं तर बरं.

तुमची ‘तिसरा मजला’ ही कथा वाचली. अंक वाचनालयाचा, त्यामुळे परत करावा लागला, पण त्याआधी कथा पुन्हापुन्हा वाचून घेतली. वाचनालयात दुपारी आम्ही पाचसहा बायका जमतो. एकीनं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि मग सगळ्यांनी भांडायचं, असा आमचा कार्यक्रम. तुमच्या कथेवर जेवढं भांडलो तेवढं याआधी कशावर भांडल्याचं आठवत नाही.

भांडण शेवटच्या वाक्यावरून झालं. नूपुर नोकरीसाठी घर सोडून जाते म्हणते, बापलेकीचं वाजतं आणि बाप म्हणतो, ‘दार उघडं आहे.’ नूपुर बॅग उचलते, जिना उतरते. संपलं. सगळ्याजणी म्हणाल्या, बापानं तिला हाकललं. आमची मनू म्हणाली, “आणखी कसं सांगायचं? ढकलून द्यायचं का?” मी एकटीच म्हटलं, नाही. तो म्हणतोय की दार उघडं आहे, वाटेल तेव्हा परत ये.

त्या हसल्या. पण मी उगाच नाही म्हटलं. एक तर, रागानं बोलला असता तर पुढे उद्गारचिन्ह आलं असतं. तुम्ही साधा पूर्णविराम दिलाय. दुसरं म्हणजे, पहिल्याच पानावर तुम्ही लिहिलंय की खाली डंख, म्हणजे मसाला कुटायची यंत्रं, आहेत, मिरचीचा खकाणा वर येतो, बापाला खोकला आहे म्हणून तो दार कायम लावून घेतो. मग शेवटी ते उघडं कसं? भांडताना दोघांपैकी कुणी दाराकडे गेल्याचं लिहिलेलं नाही. मग दार उघडलं कुणी? बापानंच ना? खोकला सोसून त्यानं ते उघडं ठेवलंय. मनू म्हणते, हाकलायलासुद्धा दार उघडावंच लागतं. तिचंही खरं आहे. म्हणून तुम्हाला विचारते.

तुमच्या मनात काय होतं तेवढं कळवा. कृपा करून पत्रानंच कळवा, फोन नको.

आपली,
शेवंती घाडी


गिरगाव,
२ डिसेंबर २०२४

आदरणीय शेवंतीताई,
सप्रेम नमस्कार.

संपादकांनी तुमचं पत्र पाठवलं आणि मला फार आनंद झाला. कथेवर दोन-चार फोन आले, ‘छान आहे’ म्हणाले. पूर्णविराम कुणी पाहिला नव्हता.

खरं सांगायचं तर दार उघडलं कुणी, याचा मी विचारच केला नव्हता. खकाण्याचं वाक्य घर डोळ्यांपुढे यावं म्हणून लिहिलं आणि पुढे विसरून गेले. माझं काम दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या अशा चुका काढण्याचं आहे, मी इथे एका प्रकाशकाकडे संपादनाचं काम करते. स्वतःच्या कथेतली दिसली नाही.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला ठामपणे देता येईल. बापानं नूपुरला घराबाहेर काढलं. मनूताईंचं बरोबर आहे. ठामपणे सांगते, कारण हे वाक्य मी कल्पनेतून काढलेलं नाही. ते माझ्या वडिलांचं आहे. बावीस वर्षांची असताना मला कारकुनाची पक्की नोकरी लागत होती, ती सोडून मी एका वर्तमानपत्रात जायचं ठरवलं. माझे वडील रामजी बनसोडे, गिरणी बंद पडल्यावर घर कसं चालवलं ते त्यांनाच माहीत. भोईवाड्याच्या आमच्या खोलीत कडाक्याचं भांडण झालं आणि शेवटी ते हेच बोलले. मी गिरगावात मुलींच्या वसतिगृहात राहायला आले. पुढे सणावाराला जात राहिले, पण त्या घरात मुक्काम केला नाही. सहा वर्षांनी ते वारले. त्या वाक्यावर आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

तुम्हाला तुमचा अर्थ ठेवायचा असेल तर जरूर ठेवा. वाचणाऱ्याला तेवढा हक्क असतोच. फक्त मला काय म्हणायचं होतं असं विचाराल, तर ते हे.

येत्या सहा डिसेंबरला दिवसभर शिवाजी पार्कला आमच्या पुस्तकांच्या स्टॉलवर असेन. तुमच्या मैत्रिणींना घेऊन आलात तर भेट होईल. सोबत फोन नंबर देते, लागला तर असू द्या.

आपली,
वैशाली बनसोडे


लालबाग,
११ डिसेंबर २०२४

वैशालीताई,

पत्र मिळालं. वाचनालयात वाचून दाखवलं. मनूनं टाळी दिली. माझंच चुकलं म्हणायचं.

तुमच्या वडिलांचं वाचून वाईट वाटलं.

शिवाजी पार्कला येता आलं नाही. मला घर सोडून फार वेळ बाहेर राहता येत नाही.

एक विनंती आहे, विचित्र वाटेल. ‘दार उघडं आहे’ या वाक्याचा अर्थ ‘कधीही परत ये’ असाही होऊ शकतो, असं तुम्ही कागदावर चार ओळींत लिहून खाली सही कराल का? तुम्ही लेखिका आहात, तुमच्या शब्दाला वजन आहे. मला ते एका माणसाला दाखवायचं आहे.

आपली,
शेवंती घाडी


गिरगाव,
२० डिसेंबर २०२४

शेवंतीताई,
स. न.

तुमची विनंती वाचली आणि बराच वेळ हातातलं काम सुचलं नाही. असं पत्र लिहायला मला काही लागत नाही, पण ते कुणापुढे आणि कशासाठी जाणार हे ठाऊक नसताना सही कशी करू? कथेपुरतं विचारताय असं मला वाटलं होतं. आता तसं वाटत नाही.

कुणाला दाखवायचं आहे? सांगायचं नसेल तर नका सांगू. मी पुन्हा विचारणार नाही.

वैशाली


लालबाग,
३ जानेवारी २०२५

वैशालीताई,

माझ्या मुलाला दाखवायचं आहे. दीपकला.

सगळं सांगते. आमचे हे, गणपत घाडी, गिरणीत होते. गिरणी गेल्यावर वरळीच्या एका सोसायटीत वॉचमन झाले. स्वभावानं वाईट नव्हेत, पण बोलणं कमी आणि जे बोलतील तेच शेवटचं. अकरा वर्षांपूर्वी दीपकनं लग्नाचं काढलं. त्याच्या ऑफिसातली मुलगी, प्रिती. हे नाही म्हणाले. पुढचे कित्येक दिवस घरात दुसरा विषय नव्हता. एका रविवारी संध्याकाळी दीपक म्हणाला, “बाबा, शेवटचं विचारतोय.” हे खाटेवर बसले होते. वर न बघता म्हणाले, “दार उघडा आसा.”

तुमच्या कथेतलंच वाक्य, फक्त आमच्या मालवणीत. आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. दीपक थोडा वेळ दारात उभा राहिला आणि गेला. त्यांनी कोर्टात लग्न केलं. तो पुन्हा आला नाही.

ह्यांना काय म्हणायचं होतं ते मी कधी विचारलं नाही. आमच्या घरात असं विचारायची रीतच नव्हती. आज विचारीन, उद्या विचारीन करत वर्षं गेली. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. ऐकू येतं, कळतंही सगळं. म्हणून तुम्हाला फोन नको म्हटलं. आमची एकच खोली, खाट मधोमध. फोनवर यातलं काय बोलणार त्यांच्यासमोर?

तुमची कथा मी दुपारी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. मुद्दामच. त्या वाक्यापाशी आले तसं त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. मला वाटलं, मिळालं उत्तर. पण डॉक्टर म्हणतात, या दुखण्यात रडू कशानंही येतं. हल्ली त्यांना क्रिकेटची मॅच बघतानाही येतं.

आणखी एक, ते लिहू की नको असं झालं होतं. प्रिती तुमच्यातली आहे. म्हणून हे नको म्हणत होते. तुम्ही सहा डिसेंबरच्या स्टॉलचं लिहिलंत तेव्हा मला कळलं. माझ्या मनात तसं काही नाही.

गेल्या जूनमध्ये हिंदमाताला ब्लाउजपीस घ्यायला गेले होते. शेजारच्या दुकानात प्रिती एका मुलीला शाळेचा गणवेश लावून बघत होती. लग्नाआधी ती एकदा घरी आली होती, तेवढ्यावरून ओळखलं. मुलीची हनुवटी तर दीपकचीच. प्रिती तिला म्हणाली, “पूर्वी, नीट उभी राहा गं.” तेव्हा मला माझ्या नातीचं नाव कळलं. मी बाहेर लटकवलेल्या साड्यांच्या आड उभी राहिले आणि त्या गेल्यावर घरी आले. हाक कुठल्या तोंडानं मारणार? पण ह्यांनी ‘परत ये’ असं म्हटलं असेल, तर मारता आली असती ना? म्हणून मला तुमची सही हवी आहे.

शेवंती घाडी


गिरगाव,
९ फेब्रुवारी २०२५

शेवंतीकाकी,
सप्रेम जयभीम.

उत्तराला उशीर झाला. तुमच्या पत्रातल्या एका शब्दापाशी मी अडले. ‘तुमच्यातली.’ प्रितीला आईबाप असतील, आवडीनिवडी असतील, एक मुलगी तर आहेच. तुमच्या पत्रात तिची ओळख एवढीच, दीपकच्या ऑफिसातली आणि तुमच्यातली. तुमच्या मनात तसं काही नाही असं तुम्ही लिहिता, आणि ते खोटं आहे असं मला वाटत नाही. तरी तो शब्द हातून उतरलाच. मला राग आला. पत्र ड्रॉवरमध्ये टाकलं आणि ठरवलं, आता पुरे.

पण ती साड्यांच्या आड उभी राहिलेली बाई काही डोक्यातून जाईना.

गेल्या रविवारी भोईवाड्याला आईकडे गेले. माझी आई, सुंदराबाई, धाकट्या भावाकडे असते, बुद्धभूषणकडे. ही कथा मी तिला कधी दाखवली नव्हती. तुमच्यामुळे वाचून दाखवली. ती शेंगा सोलत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, “ह्यो तुझा बाप हाय?”

“हो.”

“त्यानं तुला घालवली असं लिवलंस?”

“घालवलीच ना. दार उघडं हाय म्हणाले.”

आई माझ्याकडे बघतच राहिली. “अगं, तू किती वरडत हुतीस त्या दिवशी! समदी चाळ गॅलरीत गोळा झालेली. दार उघडं हाय, म्हंजी हळू बोल, लोकं ऐकत्यात.”

काकी, मी विचारलं, “तुला नक्की माहीत आहे?”

“मला काय म्हाईत? त्याच्या मनात काय हुतं ते त्यालाच ठावं. पर दार उघडं असलं की दुसरं काय म्हनायचं?”

बसमध्ये मला हसू यायला लागलं. शेजारची बाई सरकून बसली. नंतर हसू गेलं. वीस वर्षं मी त्या वाक्याचा एकच अर्थ धरून बसले होते, त्यावर घर सोडलं, कथा लिहिली, आणि तुम्हाला किती ठामपणे उत्तर पाठवलं! कदाचित आई म्हणते तसं असेल. कदाचित मला बरं वाटावं म्हणून ती तसं म्हणाली असेल. सांगायला वडील नाहीत.

तेव्हा सहीचं. मी सही देणार नाही. माझ्या वडिलांच्या वाक्याचा अर्थ मला सांगता येत नाही, गणपतकाकांच्या वाक्याचा कुठून सांगू? आणि समजा त्यांना ‘परत ये’ असंच म्हणायचं होतं. तरी दार कुणासाठी उघडं होतं? एकट्या दीपकसाठी, की प्रितीसकट? मी प्रिती असते तर लेखिकेची सही बघून उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नसतं. मला विचारायचं असतं, मला बोलावलंय का?

माझ्या कथेतला बाप कागदावरचा आहे. त्याला एवढंच एक वाक्य येतं, त्याचा अर्थ लावत बसण्यावाचून इलाज नाही. तुम्ही तर जिवंत आहात. तुम्ही दुसरं वाक्य बोला. असं की ज्याचा दुसरा अर्थच निघणार नाही.

तुमची,
वैशाली


लालबाग,
२५ फेब्रुवारी २०२५

चि. वैशाली,

आता ताई म्हणवत नाही. दीपकहून तू थोडीशीच मोठी असशील.

तुझा जयभीम पोचला. माझा नमस्कार घे.

तो शब्द लिहिताना माझी लेखणी जराही थांबली नव्हती. तुझ्या पत्रात तोच परत वाचला तेव्हा नकोसं झालं. मनात काही नाही असं मी म्हणत होते, पण मनात काय आहे ते मी तरी कधी बघितलं होतं? तू ते मला सांगितलंस आणि तरीही पुढचं लिहिलंस, हे मी विसरणार नाही.

तुझ्या आईचं वाचून एवढं हसले की हे खाटेवरून मान वळवून बघायला लागले. मग मी आठवायला बसले, त्या रविवारी आमचं दार उघडं होतं की लावलेलं? खूप डोकं खाजवलं. नाही आठवलं.

दीपकला लिहायला बसले. पहिल्या पत्रात ह्यांच्या वाक्याचा खुलासा केला, फाडून टाकलं. दुसऱ्यात ह्यांच्या आजारपणाचं लिहिलं. दया कर म्हटल्यासारखं वाटलं, तेही फाडलं. तिसऱ्यात तुझी कथा सांगायला लागले. शेवटी जे पोस्टात टाकलं ते एवढंच :

‘प्रिती, दीपक आणि पूर्वी, तुम्ही तिघं घरी या. मला तुम्हाला तिघांना भेटायचं आहे. आई.’

प्रितीचं नाव आधी लिहिलं. पत्ता मनूच्या मुलीनं कुठूनसा काढून दिला. कळव्याला राहतात.

पाकिटात घालायच्या आधी ह्यांना वाचून दाखवलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. मी पाकीट चिकटवलं.

तुझी,
शेवंतीकाकी


गिरगाव,
२८ मार्च २०२५

काकी,
सप्रेम जयभीम.

तुमच्याकडून काही कळलं नाही. त्याचा अर्थ मी लावत बसलेले नाही, म्हणजे बसायचं नाही असं ठरवलंय. जे असेल ते कळवा. कोणी आलं नसेल तरी कळवा.

इकडे कथासंग्रहाची प्रुफं आली आहेत. ‘तिसरा मजला’चा शेवट बदलावा असं सारखं वाटत होतं. गॅलरीत शेजारी जमलेत असं एक वाक्य घातलं, म्हणजे आईचा अर्थ येईल. मग वाटलं, बापानं उठून दार उघडलं असं लिहावं, म्हणजे तुमचा येईल. दोन्ही लिहिलं, दोन्ही खोडलं. आहे तसंच ठेवलंय. वाचनालयात भांडायला काहीतरी हवं.

परवा आईकडे मुक्कामाला राहिले. ती घोरते हे मी विसरले होते.

वैशाली


लालबाग,
१८ एप्रिल २०२५

चि. वैशाली,

तुझ्या पत्राला उत्तर दिलं नाही कारण सांगण्यासारखं काही नव्हतं. महिना उलटून गेला तरी कळव्याहून उत्तर नव्हतं. पत्र पोचलं नसेल, असं मी म्हणत होते. पोचलं असेल, असं मनू म्हणायची, आणि मग विषय बदलायची.

सोमवारी, चौदा एप्रिलला, ते आले.

सकाळी दादरला चैत्यभूमीवर जाऊन तिथून सरळ इकडे. दुपारची मी ह्यांना भात भरवत होते. दारात कोणीतरी उभं राहिलं, वळून बघितलं तर दीपक. केस किती पिकलेत गं त्याचे! त्याच्या मागे पांढऱ्या साडीत प्रिती, आणि तिचा पदर धरून पूर्वी. मी उठले ते उष्ट्या हातानंच. काय बोलायचं ते सगळं ठरवून ठेवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. “या, आत या, तिघं या,” एवढंच म्हणत राहिले.

ह्यांनी दीपकला बघितलं आणि मोठ्यानं रडायला लागले. पूर्वी घाबरली. म्हणाली, “आजोबांना दुखतंय का?” प्रिती म्हणाली, “नाही गं. त्यांना बोलायचंय, पण बोलता येत नाही.” मग ती खाटेजवळ गेली आणि त्यांच्या तोंडाला लागलेलं शीत पुसलं. मी सांगितलं नव्हतं.

चहा झाला. पूर्वीला लाडू दिला. मला राहवलं नाही. इतकी वर्षं मनात धरलेलं, बोलूनच टाकलं. “दीपक, त्या दिवशी बाबा जे म्हणाले ना, त्यांना तसं म्हणायचं नसेल रे.”

“कसं?”

“दार उघडा आसा, म्हणाले ते.”

तो म्हणाला, “असं म्हणाले होते? मला नाही आठवत, आई.”

वैशाली, ज्या वाक्याचा मी अकरा वर्षं कीस पाडला, तुला पत्रं लिहिली, सही मागितली, ते त्याच्या लक्षातच नव्हतं! मी म्हटलं, “मग तू गेलास कशानं?”

तो बशीकडे बघत बोलला. “बाबा नाही म्हणणार हे मला माहीतच होतं. ते काय म्हणाले याकडे माझं लक्षही नव्हतं. मी दारात थांबलो होतो ते तुझ्यासाठी. तू मोरीत भांडी घासत होतीस. वर बघितलं नाहीस. नळसुद्धा बंद केला नाहीस. मला वाटलं, आईचंही तेच म्हणणं आहे.”

तुला मी त्या संध्याकाळचं सगळं लिहिलं होतं. हे कुठे बसले होते, काय बोलले, दीपक कसा उभा राहिला. मी कुठे होते ते लिहिलं नव्हतं. लपवलं असं नाही गं, मला ते सांगण्यासारखं वाटलंच नव्हतं. मी काही बोललेच नाही तर सांगायचं काय, असं.

तोंडावर आलं होतं की, तुझ्या बाबांपुढे मी काय बोलणार होते? प्रिती माझ्याकडे बघत होती. मी ते गिळलं. म्हटलं, “नाही रे. माझं ते म्हणणं नव्हतं. मला तू जायला नको होतास. आणि ही या घरात यायला हवी होती. मी तेव्हा बोलायला हवं होतं, ते आज बोलतेय.” हे खाटेवर ऐकत होते. मी आवाज कमी केला नाही.

त्यांनी डावा हात उचलला आणि पुन्हा पांघरुणावर ठेवला. त्यांना काय सांगायचं होतं मला माहीत नाही. त्यांना पाणी पाजलं.

एका दिवसात दीपकचा राग जायचा नाही, तेवढं मला कळतं. पण तो उठून गेला नाही. ह्यांच्या उशाशी बसला, औषधाच्या गोळ्या उलटसुलट करून बघितल्या, कुठला डॉक्टर आहे विचारलं. पूर्वीनं भिंतीवरचा त्याचा शाळेतला फोटो शोधून काढला आणि खूप हसली.

निघताना दीपक आणि पूर्वी पुढे जिन्याकडे गेले. प्रिती चप्पल घालता घालता थांबली. हळूच म्हणाली, “आई, पत्रात तुम्ही माझं नाव आधी लिहिलं होतं. मी म्हटलं म्हणून हे आले. नाहीतर यांनी ते कपाटावर टाकून दिलं होतं.” मग विचारलं, “पुन्हा येऊ ना आम्ही?”

मी म्हटलं, “ये. रविवारी ये. दीपकला वेळ नसला तर पूर्वीला घेऊन ये, तिला क्लास असला तर तू एकटी ये. जेवायलाच ये.”

ती हसली. म्हणाली, “रविवारी नको, रविवारी तिचं चित्रकलेचं असतं. शनिवारी येतो.”

आज शुक्रवार. मालवणी मसाला संपला होता, तो सकाळी आणला. काळे वाटाणे भिजत घातलेत. पूर्वीला तिखट चालतं की नाही ते विचारायचं राहिलं, म्हणून तिच्यापुरती उसळ वेगळी काढून ठेवीन.

तुझी,
शेवंतीकाकी